प्रत्येक पानाला डोळा हवा
(ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत कशी काढावी व कशी तपासावी)



लागणीच्या वेळी आपण बेणे कसे निवडतो? टिपरी कितीही जाड, रसरशीत असली तरी तिला डोळा नसेल तर ती सरीत टाकण्यात अर्थ नाही. डोळा फुटला तरच कोंब. बिनडोळ्याची टिपरी जमिनीत कुजते आणि तिथे नांगा पडतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

कागदाचेही तसेच आहे. अर्ज तीन पानांचा असेल तर तिन्ही पानांना डोळा हवा. पानाचा डोळा म्हणजे अर्जदाराचे नाव, अर्ज क्रमांक किंवा गट क्रमांक, आणि 'पान ३ पैकी २' असा पानाचा आकडा. ज्या पानावर हे नाही ते पान कोणाचे, हे दप्तरात कोणीही सांगू शकत नाही. एवढी एकच गोष्ट या लेखात सांगायची आहे. पण ती का सांगावी लागते, हे आधी सांगतो. त्यात चूक आमच्या शेतकी विभागाची होती, तेव्हा ती झाकून ठेवण्यात हशील नाही.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट

ऊस लागण नोंदीचा अर्ज आम्ही संगणकावर घेतला. चिटबॉयने शेतात जाऊन मोबाइलवर माहिती भरायची, गट ऑफिसमध्ये त्याची प्रत छापायची, सभासदाने सही करायची आणि सही झालेल्या कागदावरून तोडणीची यादी तयार करायची, अशी पद्धत ठरली. अर्ज तीन पानांचा होता. पहिल्या पानावर नाव, शेअर क्रमांक, बँक खाते. दुसऱ्या पानावर प्लॉटचा तक्ता, म्हणजे गट क्रमांक, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. तिसऱ्या पानावर उरलेला तक्ता, हमीपत्र आणि सही. नाव फक्त पहिल्या पानावर होते.

कागद वाचावा म्हणून आम्ही पाठपोट छपाई लावली. होते काय, की तीन पाने पाठपोट छापली म्हणजे दीड कागद लागतो. पहिल्या सभासदाचे तिसरे पान एका बाजूला छापले गेले आणि त्याच कागदाच्या पाठीवर पुढच्या सभासदाचे पहिले पान आले. संगणकाच्या लेखी ते बरोबरच होते. त्याला माणसे ठाऊक नसतात, पाने ठाऊक असतात.

माकणी शिवारातील दोन सभासदांचे अर्ज असे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आले. दुसऱ्या सभासदाचे नाव असलेले पान पहिल्याच्या फायलीत गेले. दुसऱ्याच्या हाती राहिली ती फक्त दुसरे आणि तिसरे पान असलेली बिननावाची चवड. लिपिकाने ती पहिल्याच्या अर्जाचीच पुढची पाने समजून त्याच्या खात्यात चढवली. दोन एकर पूर्वहंगामी को ८६०३२ एका माणसाच्या रानात उभा आणि दप्तरात दुसऱ्याच्या नावावर! लागण तपासणीत ही गफलत सापडायला हवी होती, तीही सुटली.

पुढे तोडीची पाळी आली. चिठ्ठी निघाली ती पहिल्याच्या नावाने. चिटबॉयने त्यांना विचारले, तर ते म्हणाले, "ह्यो गट माझा न्हाईच की." झाले, यादीवर 'आढळ नाही' असा शेरा पडला आणि टोळी पुढे गेली. दुसरे सभासद वाट पाहत राहिले. आजूबाजूची राने मोकळी झाली, उसाला तुरा आला, तेव्हा ते ऑफिसात आले. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "सायब, मी सही केल्याली हाय. मग माझा ऊस गेला कुठं?"

सही खरीच होती. तिसऱ्या पानावर होती. पण त्या पानावर नाव नव्हते.

ऊस शेवटी गाळपाला गेला, पण पाळी चुकून गेला. तुरा आल्यावर उभ्या उसाचे वजन कसे घटते आणि आत पोकळी कशी धरते, हे आपण जाणताच. आणि जर पहिल्या सभासदाने 'होय' म्हटले असते, तर त्या उसाचे वजन त्यांच्या खात्यावर चढून बिलही त्यांच्याच बँकेत गेले असते. एक सरळ माणूस होता म्हणून ते टळले. कागदाने टाळले नाही.

तेव्हापासून अर्ज छापण्याच्या या कामात मी स्वतः लक्ष घातले. कृषी पदविकेत हा विषय नव्हता. चुकत-माकत जे शिकलो ते पुढे देत आहे. आज सातबारा, आठ-अ, ठिबकचा अर्ज, सोसायटीचे कर्ज, सगळे संगणकावरून निघते. म्हणून हे ज्ञान फक्त ऑफिसातल्या माणसाने ठेवून भागणार नाही.

१. कागदाचे माप

छपाई बिघडण्याचे पहिले कारण कागदाचे माप. बाजारात तीन मापे भेटतात :

ए-फोर : २१० × २९७ मिलिमीटर
लेटर : २१६ × २७९ मिलिमीटर
लीगल : २१६ × ३५६ मिलिमीटर

आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-फोर. लेटर हे अमेरिकेतले माप. पुष्कळशा संगणकांत आणि प्रिंटरमध्ये ते आधीपासून लावलेले असते आणि आपण ते बदलत नाही. लेटर हा ए-फोरपेक्षा १८ मिलिमीटरने आखूड. त्यामुळे ए-फोरसाठी आखलेला अर्ज लेटर मापावर छापला की तळाचा पाऊण इंच पट्टा एक तर कापला जातो किंवा पुढच्या पानावर ढकलला जातो. पानाचा क्रमांक नेमका त्याच पट्ट्यात असतो. कधी कधी अर्जानंतर एकच ओळ असलेले जादा पान निघते, त्याचेही कारण बहुधा हेच.

लीगलसाठी केलेला अर्ज ए-फोरवर तसाच छापला तर ५९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर मजकूर कागदाबाहेर जातो. सहीची जागा तळाशी असते, हे सांगायला नको.

उपाय सोपा आहे. छपाईचा हुकूम देण्यापूर्वी जी खिडकी उघडते तिच्यात 'पेपर साइज' असे लिहिलेले असते. तिथे 'ए-फोर' निवडावे. त्याच खिडकीत 'ॲक्च्युअल साइज' आणि 'फिट' असे पर्याय असतात. पहिल्याने मजकूर मूळ मापात उतरतो, दुसऱ्याने तो कागदात मावेल इतका होतो. अर्ज ए-फोरचाच असेल तर दोहोंपैकी काहीही चालते. अर्ज लीगलचा आणि कागद ए-फोर असेल तर 'फिट' घ्यावे. मजकूर सुमारे ८३ टक्क्यांवर येतो, अक्षर बारीक होते, पण तुटत नाही. अर्जावर चौकोनी क्यूआर कोड असेल तर एवढे पाहावे, की तो इतका बारीक होऊ नये की मोबाइलला वाचता येणार नाही.

आणखी एक. प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. साधारण चार मिलिमीटर कड तो कोरीच सोडतो. बांधाला लागून नांगर चालत नाही तसेच हे. म्हणून अर्ज तयार करणाऱ्याने चारी बाजूंनी निदान अर्धा इंच समास सोडावा. डावीकडे थोडा जास्तच, कारण फायलीला भोक तिथेच पडते.

२. पडद्यावर दिसते ते सगळे कागदावर येत नाही

मोबाइलवर किंवा संगणकावर अर्ज भरताना रकान्यात मजकूर सरकतो. पत्ता लांब असला तरी आपण टंकत जातो आणि रकाना घेत जातो. कागदावर मात्र काही सरकत नाही. रकान्यात जेवढे मावते तेवढेच छापले जाते, बाकीचे गुप्त. 'मु. पो. माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव' यातले 'मु. पो. माकणी, ता. लो' एवढेच उतरलेले कागद मी पाहिले आहेत. म्हणून रकाना भरल्यावर छपाईपूर्व चित्र, ज्याला 'प्रिंट प्रीव्ह्यू' म्हणतात, ते एकदा पाहावे आणि मजकूर तुटत असेल तर थोडक्यात लिहावा.

आकड्यांच्या तक्त्यात रकाना अरुंद झाला तर क्षेत्राच्या जागी '#####' अशी जाळी छापून येते. ०.८० हेक्टर लिहिलेले असूनही कागदावर फक्त जाळी! अशी जाळी दिसली तर सही करू नये. रकाना रुंद करून पुन्हा छापायला सांगावे.

काही अर्जांत 'वैयक्तिक माहिती', 'जमिनीची माहिती', 'बँक' असे कप्पे असतात. एक उघडला की दुसरा मिटतो. अशा वेळी पडद्यावरूनच छपाई केली तर बहुधा उघडा कप्पाच छापला जातो. म्हणून पडदा छापू नये. अर्ज पूर्ण भरून दाखल करावा, अर्ज क्रमांक पडला की 'डाउनलोड' करून मिळणारी पीडीएफ फाइल छापावी. अर्ज क्रमांक नसलेली प्रत म्हणजे कच्चा खर्डा, तिला कोणी विचारत नाही.

३. पीडीएफ म्हणजे काय

१९९३ हे साल आपल्या भागात भूकंपाचे साल म्हणून कायमचे कोरले गेले आहे. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेतील ॲडोबी कंपनीने पीडीएफ ही पद्धत बाजारात आणली. हेतू असा, की कागद एका संगणकावर जसा रचला तसाच तो दुसऱ्या संगणकावर दिसावा आणि कोणत्याही प्रिंटरवर तसाच उतरावा. २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सरकारी कामकाजात ती रुळली आहे ती याच गुणामुळे.

तरी तिच्यातही दोन खोडी आहेत. पहिली अक्षरांची. फाइल बनवताना मराठी अक्षरांचा ठसा तिच्यात बांधून घेतला नसेल तर दुसऱ्या संगणकावर नावाच्या जागी चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरे फुटतात. युनिकोडमध्ये लिहिलेला आणि फॉन्ट आत बांधलेला अर्ज हा त्रास देत नाही. दुसरी खोड अशी, की काही जुने भरण्याचे पीडीएफ अर्ज मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडले तर अर्जाऐवजी 'कृपया थांबा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. कितीही थांबले तरी काही येत नाही. तो अर्ज संगणकावर ॲडोबी रीडरमध्येच उघडावा लागतो. रेंजला दोष देत बसू नये.

व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. पडद्याचा फोटो काढून पाठवला की अक्षर पुसट होते आणि फोटोत एकच पान येते. दुसरे पान घरीच राहते.

४. सातबाऱ्याचे दुसरे पान

सातबारा हे एकच नाव असले तरी ते दोन नमुने आहेत. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक, म्हणजे जमीन कोणाची व त्यावर कोणाचा काय हक्क, हे सांगणारे. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. दोन्ही १९७१ च्या नियमांखाली ठेवले जातात. गट सामाईक असला, भाऊ-बहिणी-चुलते धरून खातेदार पुष्कळ असले, की नमुना ७ एका पानात मावत नाही. खातेदारांची नावे आणि 'इतर अधिकार' यातील सोसायटीचा वा बँकेचा बोजा दुसऱ्या पानावर जातो. आपण पहिले पान घेऊन बँकेत जातो, आणि साहेब विचारतात, "बोजा कुठे आहे?" आपण लपवलेला नसतो, पण लपवल्यासारखा दिसतो.

त्याचप्रमाणे नमुना १२ चे पान सुटले तर उसाची नोंदच दिसत नाही. कर्जाला ऊस दाखवायचा आणि कागदावर ऊस नाही, मग फेरा आलाच.

ध्यानात ठेवावे, की संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो आणि तसे त्यावर छापलेले असते. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो. कागदावरची स्वाक्षरी ही शाईची नव्हे, म्हणून समोरच्या कचेरीला ती तपासायची असेल तर हा क्रमांकच कामी येतो. छपाईत तो कापला गेला नाही ना, हे आधी पाहावे.

५. अर्ज बनवणाऱ्यांसाठी चार शब्द

सोसायटीचे सचिव, दूध संस्थेचे लिपिक, सेवा केंद्र चालवणारी आपलीच मुले हेही हे पत्रक वाचतात. त्यांच्यासाठी :

(अ) नाव व अर्ज क्रमांक पानाच्या डोक्यावरच्या पट्टीत, म्हणजे 'हेडर'मध्ये टाकावा. एकदा टाकला की तो प्रत्येक पानावर आपोआप येतो. तळाच्या पट्टीत 'पान अमुक पैकी अमुक' टाकावे. नुसते 'पान २' पुरत नाही. एकूण किती, हे कळल्याशिवाय शेवटचे पान हरवल्याचे समजत नाही.

(आ) तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर रकान्यांची शीर्षके तिथेही यावीत. एक्सेलमध्ये 'प्रिंट टायटल्स' आणि वर्डमध्ये 'रिपीट हेडर रोज' ही सोय त्यासाठीच आहे. नाही तर दुसऱ्या पानावर नुसते आकडे राहतात. ४० म्हणजे आर की टन, हे कळत नाही.

(इ) एका प्लॉटची ओळ अर्धी या पानावर आणि अर्धी त्या पानावर तुटू देऊ नये. सही आणि हमीपत्रही एकाच पानावर ठेवावे. हमीपत्राशिवायची सही धोक्याची, आणि सहीशिवायचे हमीपत्र निरुपयोगी.

(ई) शंभर सभासदांचे अर्ज एका दमात छापताना पानांचे आकडे तपासावेत. तीन पानांचे शंभर अर्ज म्हणजे तीनशे पाने. संगणक एकूण आकडा सगळ्या गठ्ठ्याचा धरतो आणि सभासदाच्या हातात 'पान ३०० पैकी २' असा कागद पडतो. वर्डमध्ये एकूण पाने त्या सभासदापुरती, म्हणजे त्या 'सेक्शन'पुरती मोजायला सांगता येतात.

(उ) पाठपोट छपाई करायची असेल तर प्रत्येक सभासदाचा अर्ज विषम पानापासून, म्हणजे नव्या कागदापासून सुरू होईल असे लावावे. वर्डमध्ये 'ऑड पेज' हा पर्याय आहे. तीन पानांच्या अर्जात चौथी बाजू कोरी राहील. राहू द्या. एका कोऱ्या बाजूची किंमत आम्ही दोन एकर उसाने मोजली आहे. हे लावता येत नसेल तर सरळ एकाच बाजूने छापावे.

(ऊ) सगळा गठ्ठा छापण्यापूर्वी एकच अर्ज छापून पाहावा, आणि तोही सर्वांत मोठा. ज्या सभासदाचे प्लॉट जास्त, नाव लांब, त्याचा. लहान अर्ज नेहमी नीटच छापला जातो. परीक्षा मोठ्याची असते.

६. सभासदांनी सहीपूर्वी काय पाहावे

हे कात्रण कापून घरी लावून ठेवले तरी चालेल.

एक : पाने मोजा. शेवटच्या आकड्याइतकी पाने हातात आहेत का?
दोन : प्रत्येक पानावर तुमचे नाव किंवा अर्ज क्रमांक आहे का? कागद उलटून पाठ पाहा. पाठीवर दुसऱ्याचे नाव असेल तर तो कागद घेऊ नका.
तीन : गट क्रमांक, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख बोट ठेवून वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाला वाचायला सांगा. त्यात लाज नाही.
चार : बँक खात्याचे सगळे आकडे उतरले आहेत का?
पाच : सही फक्त शेवटच्या पानावर न करता प्रत्येक पानाच्या तळाशी करा. अंगठा असेल तर अंगठा.
सहा : एक पूर्ण प्रत घरी ठेवा. सेवा केंद्रात छपाई झाल्यावर तिथल्या संगणकावरची तुमची फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा. त्यात तुमचा आधार क्रमांक आणि बँक खाते आहे.

आमच्या विभागापुरते सांगायचे तर लागण नोंदीचा अर्ज आम्ही बदलला आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर सभासदाचे नाव, शेअर क्रमांक आणि गाव येते, तळाशी पानांचा हिशेब येतो, आणि छपाई एकाच बाजूने होते. कागद थोडा जास्त लागतो. लेखा विभागाने त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा मी त्या दोन एकरांची हकिगत सांगितली. पुन्हा विचारणा झाली नाही.

ते सभासद अजून माकणीहून लागण नोंदीला येतात. गेल्या खेपेला त्यांनी कागद हाती घेतला, चष्मा लावला, एक-दोन-तीन असे बोटाने मोजले, प्रत्येक पान उलटून पाठ पाहिली आणि मगच पेन मागितला. मागे रांग होती, कोणीतरी घाई केली. ते म्हणाले, "बेनं बघून घेतो का न्हाई आपन? मग?"

सर्व सभासदांनी असेच बेणे बघून घ्यावे, ही विनंती. अर्ज छापण्यात काही अडचण आली तर आपल्या गट ऑफिसमध्ये कागद घेऊन यावे. सोबत फाइल मोबाइलमध्ये असू द्यावी, म्हणजे चूक अर्जात आहे की छपाईत, हे तिथल्या तिथे पाहता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी